उकिरड्याखालचा उकिरडा

माझा जन्म महाळुंगे पडवळचा, पण मी वाढले जुन्नरच्या उकिरड्यावर. हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही. नातसुना तोंडाला पदर लावतात आणि विचारतात, "आजी, उकिरड्यावर म्हंजी उकिरड्याजवळ ना?" जवळ नाही, वरच. गावाबाहेर, नदीकडच्या अंगाला तो उकिरडा होता, चांगला टेकडीएवढा. त्याच्या एका बाजूला राख घट्ट बसून सपाटी झाली होती आणि तिथं आमची पालं होती. तरटाची, फाटक्या घोंगड्यांची, वर तेलाच्या डब्याचे पत्रे. समोर शिवनेरी दिसायचा. आमच्याइतका चांगला किल्ला गावातल्या कुणालाच दिसत नसेल असं मला तेव्हा वाटायचं.

दुष्काळाच्या साली बानं महाळुंगं सोडलं. मी तेव्हा आईच्या कडेवर होते म्हणे. जमीन नव्हतीच. मजुरी होती, तीही संपली. जुन्नरात सडकेच्या कामावर पोट भरतं असं कुणी सांगितलं म्हणून आले, आणि काम आटोपल्यावर परत जायला काही उरलं नाही म्हणून राहिले. उकिरडा आईनं शोधला. तिचं माहेर झारेकऱ्यांचं. झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानापुढची धूळ लोटून आणायची, नदीवर लाकडी काठवटीत धुवायची आणि तळाशी राहिलेला सोन्याचांदीचा कण टिपायचा, हा धंदा करणारे लोक. लग्नात आईला माहेरहून भांडी मिळाली नाहीत, ती काठवट मिळाली होती. आईचं म्हणणं असं, की धूळ सोनाराची असो की गावाची, धुतली की काहीतरी देतेच.

आणि देतही होती. सकाळी गावातल्या कचऱ्याच्या गाड्या येऊन ओतल्या की आम्ही तुटून पडायचो. चिंध्या वेगळ्या, कारण कागदी मोहल्ल्यातले लोक त्या घेऊन कुटायचे आणि त्यांचा कागद करायचे. हाडं वेगळी, लोखंड वेगळं, बांगड्यांच्या काचा वेगळ्या. जुन्या लुगड्याच्या काठाला जरीची तार दिसली की आई तो काठ जाळायची आणि राख धुवून चांदी काढायची. आणखी तीन पालं होती. त्यातल्या शेजारच्या पालात एक मावशी राहायची. नात्याची नव्हे, पण आम्ही तिला मावशीच म्हणत होतो. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. तिला रोज स्वप्नात मोहरांचा हंडा दिसायचा आणि रोज त्याची जागा बदलायची.

मला नीट समजायला लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळा होता. बा गावात चिंध्या घालायला गेला होता, तो मोकळी पाटी डोक्यावर तशीच घेऊन पळत आला.

"उकिरडा गेला," तो म्हणाला.

"कुटं गेला?" आईनं विचारलं. तिला वाटलं त्याला ऊन लागलं.

"लिलावात गेला. खालच्या अंगाच्या बागाईतदारानं घेतला, समदाच्या समदा. उसाला खत पायजे त्याला. उद्यापासनं गाड्या लावनार. मृगाच्या आत तळ दाखवतो म्हनाला."

मावशीनं लगेच हंबरडा फोडला. बाकीच्या पालांतली माणसंही बाहेर आली. बा मटकन खाली बसला आणि डोक्यावरची पाटी काढायलाही विसरला. उकिरडाच गेला तर आम्ही जायचं कुठं, खायचं काय? मलाही रडू आलं. मी आईकडे बघितलं, तर आई उकिरड्याकडे बघत होती. तिचे डोळे असे लकाकत होते की मी रडायचं थांबले.

"गाव हितं कवापासनं टाकतंय?" तिनं बाला विचारलं.

"मला काय ठावं? गाव हाय तवापासनं."

"आन आपून चाळलंय किती? वरचं हात दोन हात. खालचं कुनी बघितलंय?"

"तुला म्हनायचं काय?"

"उकिरडा जात न्हाई," आई म्हणाली, "उकिरडा उघडतोय."

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. पुढच्या गाडीत बागाईतदार स्वतः उभा होता. उंच माणूस, लाल पटका, आणि जुंपलेले पांढरेशुभ्र खिल्लारी बैल. मनात एवढी भीती असूनही ते बैल बघून मी हरखून गेले. असे बैल मी आधी कधी बघितले नव्हते. पण माणूस तापट. आल्या आल्या ओरडला, "हटा समदे! पालं उचला! पोरंबाळं गाडीखाली येतील, मंग माझ्या नावानं बोंब माराल."

बा हात जोडायला लागला. आईनं त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं. ती तिथंच उभी राहिली. गाड्या वर चढल्या, माणसांनी फावडी लावली. तेवढ्यात बागाईतदाराचा उजव्या अंगाचा बैल एकदम उसळला, तीन पायांवर नाचला आणि गाडी तिरपी झाली. त्याच्या खुराच्या बेचक्यातून रक्त गळत होतं. काच घुसली होती. गडी धावले, पण बैल कुणाला पाय धरू देईना. शिंगं फिरवत होता.

आणि आई सरळ त्याच्या पुढं गेली. तिनं बैलाच्या वशिंडावर हात ठेवला, त्याच्याशी काहीतरी पुटपुटली, हळूच खाली बसली आणि पाय मांडीवर घेतला. बाभळीच्या काट्यानं तिनं ती काच अशी अलगद उकलून काढली की बैलाला कळेपर्यंत ती तिच्या तळहातावर होती. हिरव्या बांगडीचा तुकडा, बोटाच्या नखाएवढा.

बागाईतदाराचा सगळा राग उतरला. त्यानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"दादा," आई म्हणाली, "ही अशी काच हितं गाडीगाडीनं हाय. ती तुमच्या उसात जाईल. तुमच्याकडं बाया खुरपायला येतात, त्या अनवानीच असतील न्हवं?"

त्यानं तिच्या तळहातावरची काच उचलून बघितली.

"आमाला पुढं राहू द्या. तुमचं फावडं पडायच्या आदी आमी काचा, खिळं, हाडं, समदं येचून घेतो. तुमच्या गाडीत निव्वळ खत पडंल."

"आन मजुरी?"

"मजुरी नगं. जे निघंल ते आमचं."

तो मोठ्यानं हसला. "अगं, उकिरड्यात निघायचं काय? घे! समदं तुझं."

असा सौदा झाला, आणि मग जी धांदल उडाली तिच्यासारखी धांदल मी पुन्हा कधी अनुभवली नाही. चारही पालांतली माणसं एका रांगेत, हातात खुरपी आणि पाट्या, आणि मागं फावडेवाले. आम्ही थांबलो की ते ओरडायचे, "चला, उरका!" ते अंगावर आले की आम्ही ओरडायचो, "जरा दम धरा, राव!" उकिरड्याची कड कापली गेली तसे त्याच्या पोटातले थर दिसायला लागले. काळा थर, त्याखाली राखेचा, मग तांबूस, मग पुन्हा काळा. एकेका थराचा वास वेगळा. जितकं खाली जावं तितका वास कमी, आणि सगळ्यात खालचा तर पावसाच्या आधीच्या मातीसारखा. घोड्याचे नाल निघाले, पितळी घुंगरं निघाली, तांब्याची जुनी नाणी, हिरव्या पडलेल्या शिवराया निघाल्या. एक भलं मोठं कुलूप निघालं, तेव्हा मावशीनं ते छातीशी धरून जाहीर केलं की कुलूप आहे म्हणजे पेटारा असणारच. संध्याकाळी पाठ धरलेली असायची, नखात माती असायची आणि तरी झोप लवकर येत नसे. उद्या काय निघेल? पालात आम्ही सगळे तेच बोलत असायचो. बासुद्धा, जो एरवी मुकाट असायचा, तो हातवारे करून सांगायला लागला होता.

काही दिवसांनी खत संपलं. तळ लागला असं आम्हाला वाटलं, कारण खाली पांढरी माती दिसायला लागली. मऊ, भुकटीसारखी. माझं तोंड पडलं. पण बागाईतदारानं ती मूठभर उचलली, चोळली, आणि तो आमच्याहून खूश. "ही पांढर उसाला लई मानवती," तो म्हणाला. "खांदा, अजून खांदा!"

त्या पांढऱ्या मातीत मला तो मणी सापडला. आधी वाटलं डाळिंबाचा दाणा आहे. कुणी डाळिंब खाल्लं असेल आणि दाणा पडला असेल. पण दाणा कडक लागला. थुंकी लावून परकराला पुसला आणि उन्हात धरला, तर आतून पेटल्यासारखा लाल! आणि मधून आरपार भोक.

"आई!" मी अशी किंचाळले की फावडेवाल्यांनी फावडी टाकली. त्यांना वाटलं साप.

आईनं तो मणी जिभेवर ठेवला, दातांनी हळूच दाबून बघितला, मग बोटांत फिरवला. "काच न्हाई," ती म्हणाली. "दगड हाय." आणि मग ती गुडघ्यांवर बसून ती माती हातांनीच चिवडायला लागली. तासाभरात अजून मणी निघाले. लाल, काही दुधासारखे पांढरे पट्टे असलेले, एक काळाभोर. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघाले, त्यावर बारीक नक्षी. खापरं निघाली तीही वेगळीच, आरशासारखी गुळगुळीत, आतून काळी आणि बाहेरून लाल. आमच्या कुंभाराच्या घरची ती खापरं नव्हती, एवढं मलाही कळत होतं.

जुन्नरातला एक मण्यार बांगड्यांची पेटी घेऊन खेड्यापाड्यांत जायचा. त्याची वाट आमच्याच बाजूनं होती. म्हातारा, पांढरी दाढी, बायकांच्या हातात बांगडी चढवताना कुणाला दुखू दिलं नाही अशी त्याची ख्याती. आम्ही त्याला चाचा म्हणत होतो. आईनं त्याला हाक मारली आणि पदरातले मणी त्याच्यापुढं ओतले.

चाचानं एकेक मणी डोळ्याजवळ नेऊन बघितला आणि पेटी खाली ठेवून चक्क मातीत बसला.

"बेटी, हा अकीक हाय. असा दगड हितं कुटं मिळतो? हा लांबनं आलेला माल."

"कवाचा असंल, चाचा?"

"माझ्या आज्याच्या आज्यालाबी ठावं नसंल." तो हसला. "टाकू नको हां एकबी. फुटका असला तरी टाकू नको. माझी बायको पोत ओवती, तिला दाखव."

ही बातमी चाचानं कुणाला सांगितली नाही, पण फावडेवाल्यांनी सांगितली. दुसऱ्या दिवशी गावातली पोरं आली, तिसऱ्या दिवशी त्यांचे बाप आले. जे एरवी उकिरड्याजवळून नाकाला धोतराचा सोगा लावून जायचे, ते आता कडेला उकिडवे बसून आमच्या हाताकडे बघत होते. "सोनं निगालं का?" "हंडा हाय म्हनं." मावशीला विचारावं तर ती खुशाल सांगायची, "हाय तर! मी सपनात बघितलाय. त्येच्यावर नाग हाय." मग गर्दी आणखी वाढायची.

आणि त्याच गर्दीत एका फावड्याला काहीतरी ठणकन लागलं.

माती सारली तर भाजल्या मातीचं कडं दिसलं. मोठं, माझ्या कवेत मावणार नाही एवढं, आणि जमिनीत उभं बसवलेलं. फावडेवाल्यानं आतली माती काढली तर त्याच्याखाली दुसरं कडं, त्याखाली तिसरं. तोंड वर करून एखादा रांजण पुरावा तसं. "हंडा!" मावशी ओरडली, आणि त्यानंतर कुणाचं कुणाला ऐकू येईना. माणसं नदीकडून आली, वेशीकडून आली. हलवायानं दुकान तसंच सोडलं होतं, त्याच्या हातात झारा होता. एक न्हावी अर्धी हजामत झालेल्या गिऱ्हाइकासकट आला होता. मी आयुष्यात एवढी माणसं एका जागी प्रथमच बघत होते, आणि ती सगळी आमच्या उकिरड्यावर!

पाठोपाठ काठी आपटत जमादार आला.

"कुनी हात लावायचा न्हाई! जमिनीतनं निघालेलं धन सरकारचं असतं."

"लिलाव म्या घेतलाय," बागाईतदार म्हणाला.

"खताचा घेतलास. खजिन्याचा न्हाई."

दोघंही चढ्या आवाजात बोलत होते. शेवटी असं ठरलं की आधी आत काय आहे ते बघू. पण आत उतरायचं कुणी? नागाचं नाव निघालेलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बा पुढं झाला. अंगानं काटकुळा, त्या कड्यांतून सहज जाणारा तोच होता. "उकिरडा आमचा," तो म्हणाला, "नागबी आमचाच."

त्याच्या कमरेला सोल, म्हणजे जाड दोर बांधला. सोलाचं दुसरं टोक बागाईतदारानं स्वतःच्या हाताला वेटाळून घेतलं. बा खाली उतरायला लागला. मी खड्ड्याच्या काठावर पालथी पडून बघत होते. त्याचं मुंडासं खाली खाली गेलं आणि मग फक्त त्याचा आवाज येत राहिला. पाटी खाली सोडायची, भरली की वर ओढायची. पाटी वर आली की सगळी गर्दी मान पुढं करायची. पहिली पाटी, राख. दुसरी, खापरं. पुढची, माशांचे काटे, बोरांच्या आठळ्या, शंखाची फुटकी बांगडी.

"अजून खाली!" लोक ओरडत होते.

मग बाचा आवाज आला, घाईचा, वेगळाच. "मडकं हाय! आख्खं! तोंड बांधल्यावानी!"

झालं. मागची माणसं पुढच्यांच्या अंगावर रेटली. मला कुणाचा तरी पाय लागला. कडेची पांढरी माती भुसभुशीत, ती ढासळली आणि एक मोठा लोंढा धस्सदिशी आत गेला. आतून आवाज यायचा बंद झाला.

आई ओरडली नाही. ती सोलावर झेपावली. बागाईतदारानं पाय रोवले, जमादारानंही काठी फेकून सोल धरला. हलवाई, न्हावी, मावशी, सगळे मागं लागले. "ओढाऽ!" सोल ताणला गेला, थरथरला, आणि हललाच नाही. "अजून ओढाऽ!" मग सोल एकदम सैल झाला, सगळे मागच्या मागं पडले आणि कड्याच्या तोंडातून बाचं पांढऱ्याफटक मातीनं माखलेलं डोकं वर आलं. खोकला, थुंकला, पुन्हा खोकला. दोन्ही हातांनी त्यानं छातीशी मडकं धरलं होतं. सोडलं नव्हतं!

आईनं त्याला आधी मिठी मारली, मग पाठीत एक धपाटा घातला. "मडकं टाकता येत न्हवतं का?"

"कसं टाकू?" बा म्हणाला. "येवढी मानसं वाट बघत्यात."

जमादारानं मडकं ताब्यात घेतलं. तोंडाशी माती घट्ट बसली होती. आत काय ते दिसेना, पण जड लागत होतं. आई म्हणाली, "फोडू नका. मी धुते." तिनं काठवट आणली. सगळी वरात नदीवर. पुढं आई, मग मडकं घेतलेला जमादार, मग सारं गाव. काठावर, पाण्यात, दगडांवर माणसंच माणसं. आई गुडघाभर पाण्यात उभी राहिली, मडक्यातली माती काठवटीत ओतली आणि काठवट गोल फिरवायला लागली. गढूळ पाणी कडेवरून जात होतं. तिचे हात असे फिरत होते की माझी नजर हलत नव्हती. हळूहळू पाणी निवळलं. तळाशी लाल काहीतरी चमकलं.

जमादारानं वाकून मूठ भरली. उघडली. लाल खडे. काही ओबडधोबड, काही अर्धे घासलेले, काही भोक पाडता पाडता चिरलेले. काही मात्र नीट झालेले मणी.

"दगडं," जमादार म्हणाला.

"दगडं?" मागून कुणीतरी विचारलं.

"दगडं हायेत!" ती बातमी गर्दीतून मागं गेली तशी गर्दीही मागं गेली. कुणी हसलं, कुणी मावशीला चार शब्द ऐकवले. हलवायाला दुकान आठवलं. अर्ध्या हजामतीचा माणूस न्हाव्यावर ओरडत निघाला. जमादारानं हात पुसले आणि म्हणाला, "तुमचा कचरा तुमालाच लखलाभ."

तो लांब जाईपर्यंत आई काठवट फिरवत राहिली. मग तिला जे हसू फुटलं! ती पाण्यातच खाली बसली, लुगडं सगळं भिजलं, आणि ती हसतच होती. बा हसायला लागला, बागाईतदारही. "कचरा!" बा ओरडला. "आगं, निव्वळ कचरा! कुना मनी घडवनाऱ्याचा उकिरडा हाय त्यो. उकिरड्याखाली उकिरडा!"

मी आईला विचारलं, "तवाबी आपल्यावानी कुनी येचत असंल का गं?"

"असंल, तर येचायचं काम धड केलं न्हाई," आई म्हणाली. "बघ की, केवढं ठिवून गेलेत."

पुढचे दिवस आमचेच होते. गाव येईना, जमादार येईना. गाड्या भरत होत्या आणि आम्ही पांढरी माती नदीवर नेऊन धूत होतो. चारही पालांतल्या बायका आईकडून काठवट फिरवायला शिकल्या. मावशीला हंडा नाही मिळाला, पण एक बोटभर उंचीचा मातीचा बैल मिळाला, चाकं लावायला भोकं असलेला. तिनं तो कुणालाच दिला नाही.

चाचाच्या घरी मी प्रथमच गेले ते मणी घेऊन. त्याची बायको, आमची चाची, ओसरीवर पोत ओवत बसलेली होती. तिनं मणी परातीत घेतले, लिंबाच्या पाण्यानं धुतले, तांदळाच्या कोंड्यानं चोळले आणि मोठ्या-लहान अशा ओळी लावल्या. आईला तिनं गाठ कशी मारायची ते दाखवलं. एक माळ पुरी झाली तेव्हा चाचीनं ती माझ्या गळ्यात घातली आणि मला उन्हात उभं केलं. "या अल्ला, पोर पेटली जनू!" ती म्हणाली. मी आत जाऊन पाण्याच्या हंड्यात स्वतःला बघून आले.

माळा विकायला चाचा बेल्ह्याच्या बाजाराला निघाला. आई म्हणाली, "मीबी येते. आमचा माल हाय, मी इकते." बाला ते पटेना. बाई माणसानं एवढ्या लांब? पण आई त्याला म्हणाली, "नागाच्या बिळात मी तुमाला जाऊ दिलं न्हवं?" मग तो तयार झाला. चाचा, चाची, आई आणि मी बैलगाडीतून गेलो.

बेल्ह्याचा बाजार म्हणजे बैलांचा समुद्र. धूळ, घुंगरं, रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवणारे हेडी, म्हणजे गुरांचे दलाल, आणि गुरांचं हंबरणं. आई मण्यारांच्या ओळीत माळा मांडून बसली. बायका येत, हात लावत, आणि रंगीत काचेचे मणी घेऊन जात. काचेचे मणी नवे आणि झगझगीत. आमचे मणी त्यांना जुनाट वाटत होते. दुपार झाली तरी एकही माळ गेली नव्हती. आईनं पदरानं घाम पुसला आणि उठून उभी राहिली.

समोरून एक शेतकरी नुकता घेतलेला खोंड घेऊन चालला होता. तरणाताठा, कपिला रंगाचा. आईनं एक माळ उचलली आणि काही न विचारता खोंडाच्या गळ्यात घातली.

"आवं बाई, काय करताय?"

"बघा तर खरं कसा दिसतोय!"

तो माणूस दोन पावलं मागं सरला. लाल मणी त्या गळ्यावर उन्हात असे जळत होते की बाजूचे लोकही थांबले. "काय दिसतोय राव!" कुणीतरी म्हणालं. त्यानं माळ काढली नाही. त्याच्या शेजारच्यानं आपल्या बैलासाठी मागितली, मग त्याच्या पाहुण्यानं. "मला ती पट्ट्याची द्या, आमच्या ढवळ्याला." आई माळा उचलून देत होती, मी गाठी मारत होते, चाची ओवत होती, तिला हात थांबवायला फुरसत नव्हती. बैल सजलेले बघून मग बायकाही आल्या. त्यातल्या एकीनं तर नवऱ्याला सगळ्या बाजारात सुनावलं, "बैलाला घेतली, मला न्हाई?" त्यालाही घ्यावी लागली.

परतताना गाडी मोकळी होती. आई आणि चाची एकमेकींना टेकून हसत होत्या आणि चाचा बैलांना हाकताना गुणगुणत होता. उकिरड्यापाशी बा उभा होता. गाडी लांबून दिसताच तो पळत आला.

"काय झालं?"

"बैलांनी घेतल्या!" आई गाडीतून ओरडली. "समद्या बैलांनी घेतल्या!"

बाला काहीच कळलं नाही. तो तसाच गाडीबरोबर पळत राहिला.

मृगाच्या आत उकिरडा उचलला गेला. बागाईतदारानं बाला सोडलं नाही. दर साली खत चाळायला तोच, आणि आम्हाला त्याच्या मळ्याच्या कडेला राहायला जागा दिली. मातीच्या भिंतींचं पहिलं घर. पहिले काही दिवस मला तिथं झोप येईना, फार शांत वाटायचं. मावशी मात्र आली नाही. नव्या जागी उकिरडा पडायला लागला तशी ती तिकडं गेली आणि तिचं स्वप्न तिच्याबरोबर गेलं. आईनं चाचीकडून पोत ओवण्याचं काम उचललं. अकीकाचे मणी संपले, मग ती काचेचे ओवायला लागली, आणि बाजार कधी चुकवला नाही. माझं लग्न कळंबला झालं. बघायला आले तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, "पोरीला काय काय येतं?"

बा काही बोलायच्या आत आई म्हणाली, "कायबी द्या, त्यातलं चांगलं येचून देती."

सासूबाई हसल्या. आमच्याच ओसरीवरचं न निवडलेल्या तुरीचं सूप त्यांनी माझ्यापुढं सारलं, आणि मी तिथंच, पाहुण्यांसमोर, पदर खोचून निवडायला बसले.